विंचवाचे बिऱ्हाड आणि हिशेबाची वही

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. परंतु बिऱ्हाड पाठीवर घेतल्याने विंचवाचे पैसे वाचतात की जास्त जातात, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला कधी विचारला नाही. तो विचारला माझ्या धाकट्या भावजयीने, आणि तोही डेन्व्हर शहराच्या एका उपनगरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, हातात दुधीची साल काढीत असताना.

सन 2023 च्या उन्हाळ्यात शिल्लक राहिलेली सारी रजा एकदम घेऊन मी, आमची मंडळी आणि आई असे तिघे माझ्या भावाकडे, श्रीधरकडे, अमेरिकेला गेलो होतो. आईचे वय शहात्तर. गुडघे दुखतात, बाहेरचे अन्न चालत नाही आणि प्रवासात दर दोन तासांनी ‘जरा थांबता का रे?’ असे विचारण्याचा तिला मनस्वी संकोच वाटतो. श्रीधरच्या मनात आईला अमेरिका दाखवायची होती आणि तिचे हाल होऊ द्यायचे नव्हते. त्यातून त्याच्या डोक्यात घरगाडी शिरली.

घरगाडी हा माझा शब्द. तिथे तिला आर.व्ही. म्हणतात. मोटारीच्याच पाठीवर बांधलेले घर म्हणजे घरगाडी. आत गॅसची शेगडी, शीतकपाट, बेसिन, संडास, न्हाणीघर, मागे पलंग आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पोटमाळ्यात मुलांची गादी. श्रीधरच्या शेजाऱ्याने अशी एक गाडी 2021 साली घेतली होती. करोनाच्या साथीत लोकांना ना विमान नको, ना हॉटेल. तेव्हा जो तो घरगाडीच्या मागे लागला. त्या एका वर्षात उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांतून, मोटारीमागे ओढायच्या धरून, सहा लाखांवर घरगाड्या बाहेर पडल्या. साथ ओसरली तशी हौसही ओसरली आणि 2023 मध्ये हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. शेजाऱ्याने गाडी तीनदा वापरून दारात उभी केली होती. आता तो ती साठ हजार डॉलरला विकायला निघाला होता आणि ‘जुलैअखेरपर्यंत काय ते सांग’ असे त्याने श्रीधरला बजावले होते.

“दादा, हॉटेलचा खर्चच नाही. दोन-चार वर्षांत पैसे वसूल!” श्रीधर म्हणाला.

“चिन्मय दोन वर्षांनी कॉलेजात जाईल. त्याच्यासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावायचा आणि वर कर्ज काढायचं, हे मला पसंत नाही,” नीला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, “भावोजी, तुम्ही रोज वही लिहिता. आधी भाड्याची गाडी घेऊन बघू या. हिशेब तुम्ही ठेवा. जे निघेल ते मला मान्य, पण यांनाही मान्य असलं पाहिजे.”

अशा रीतीने मराठीच्या अध्यापकाकडे अंकगणिताचा पेपर तपासण्याचे काम आले. श्रीधरची बाजू घ्यावी तर नीलाचे पाहुणे, नीलाची घ्यावी तर भावाचा हिरमोड. मी वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून मोकळा झालो.

जून महिन्यात आम्ही सात माणसे दहा रात्रींसाठी निघालो. तीस फुटी गाडी भाड्याने घेतली. डेन्व्हरहून उत्तरेला साऊथ डाकोटातले बॅडलँड्स, तिथून पश्चिमेला वळून बिगहॉर्न पर्वत ओलांडून यलोस्टोन, मग ग्रँड टीटनवरून परत. एकूण सतराशे मैल झाले.

भाडे रात्रीला 210 डॉलर, म्हणजे 2100. मला वाटले, संपले. पण घरगाडीचे भाडे हे लग्नातल्या हुंड्यासारखे असते. ठरलेली रक्कम निराळी आणि मागाहून निघणारे मानपान निराळे! दर मैलाला 40 सेंट, त्याचे 680 डॉलर. विमा, कर आणि किरकोळ मिळून 350. गाडीचे पेट्रोल पिणे तर पाहण्यासारखे होते. एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, जेमतेम नऊ मैल. बिगहॉर्नच्या चढावर तर काटा डोळ्यांदेखत खाली उतरे, आणि श्रीधर त्याच्याकडे न पाहता देखाव्याकडे पाहण्याचा आग्रह करी. त्याचे 700 डॉलर झाले.

“पण झोपायला तर फुकट ना?” आमच्या मंडळींनी विचारले.

तेही नाही. गाडी रात्री उभी करायची म्हणजे तळ हवा, जिथे वीज आणि पाणी जोडून मिळते आणि मैल्याची टाकी रिकामी करता येते. अशा खासगी तळांना तेव्हा रात्रीला साठ-सत्तर डॉलर पडत. राष्ट्रीय उद्यानांतले साधे तळ स्वस्त, पण तिथे बहुधा वीज-पाणी जोडून मिळत नाही आणि जागा कित्येक महिने आधी धरावी लागते. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि मैलावाहिनी अशी तिन्ही जोडून देणारा तळ एकच, फिशिंग ब्रिजचा. तिथे अस्वलांच्या भीतीने तंबूला मनाई आहे. भिंती टणक असलेल्या गाडीलाच प्रवेश. ही पाटी वाचल्यावर आईने गाडीची भिंत बोटाने वाजवून पाहिली. एके रात्री आम्ही एका मोठ्या दुकानाच्या आवारात, व्यवस्थापकाची परवानगी घेऊन, फुकट मुक्काम केला. काही दुकाने अशी परवानगी देतात, काही देत नाहीत. रात्रभर दिव्यांचा झगझगाट आणि मालमोटारींची घरघर. फुकटच्या झोपेची किंमत दुसऱ्या दिवशी सर्वांच्या चेहऱ्यावर दिसत होती. बाकी नऊ रात्रींचे तळभाडे 560 डॉलर आणि शेगडीचा गॅस 25.

एक खाते मात्र सुखाचे निघाले. नीलाने आणि आमच्या मंडळींनी दहा दिवस घरचा स्वयंपाक केला. सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी, रात्री मुगाची खिचडी. ओल्ड फेथफुलचा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने एकदा उडतो. त्याची वाट पाहता पाहता आम्ही गाडीत बसून ताकभात जेवलो. सात माणसांचा दहा दिवसांचा किराणा झाला 420 डॉलरचा.

आता उणेही सांगतो. पहिल्याच वळणावर कपाटाचे दार उघडून तुरीच्या डाळीचा डबा खाली आला आणि दहाव्या दिवसापर्यंत पायांखाली डाळ सापडत होती. सकाळी दूध आणायला निघायचे तर सारे घर बरोबर न्यायचे. वीज सोडा, पाणी सोडा, भांडी बांधा आणि मग दुधाला चला. यलोस्टोनच्या लोकप्रिय वाहनतळांवर तीस फुटांची जागा सकाळी नऊनंतर मिळेना. आणि मैल्याची टाकी! रबरी हातमोजे घालून श्रीधर नळी जोडीत असे आणि वडील भाऊ या नात्याने नळीचे दुसरे टोक धरण्याचा मान माझ्याकडे येई. एम.ए.च्या पदवीचा इतका चौफेर उपयोग होईल, असे मला वाटले नव्हते.

पण आई खुशीत होती. दहा दिवसांत तिने एकदाही ‘जरा थांबता का रे?’ असे विचारले नाही. स्वतःचा पलंग, स्वतःचे न्हाणीघर, खिडकीबाहेर गव्यांचे कळप. हे कोणत्या रकान्यात लिहावे, ते मला सुचेना.

परतल्यावर बेरीज केली. 4835 डॉलर. दिवसाला साडेचारशेच्या वर, नेमके सांगायचे तर 483. आईने लगेच ब्याऐंशीने गुणले आणि म्हणाली, “अरे, रोजचे चाळीस हजार रुपये! एवढ्यात आपल्याकडे काशीयात्रा होऊन वर मावंदं झालं असतं.”

“पण मोटेलात याहून जास्त झाले असते,” श्रीधर म्हणाला.

तेही पाहायचे ठरले. जुलै महिन्यात घरच्याच सात आसनी गाडीने सहा रात्रींसाठी आम्ही दक्षिणेकडे निघालो. युटातले मोआब, तिथून ग्रँड कॅन्यन आणि परत, असे पंधराशे मैल.

मोटेल हा शब्दच मोटार आणि हॉटेल यांच्या संकरातून झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो गावी 1925 साली एका वास्तुशिल्पज्ञाने मोटारवाल्यांसाठी मुक्कामाची जागा बांधली आणि तिच्या पाटीवर हा शब्द पहिल्यांदा चढवला, असे सांगतात. खोलीच्या दारात मोटार उभी करावी आणि पडशी उचलून थेट आत जावे, एवढीच कल्पना. आपल्या धर्मशाळेच्या ओवरीसारखीच. आणखी एक गंमत पाहा. रात्रीला सहा डॉलरमध्ये खोली देऊन त्या आकड्यालाच आपले नाव करणारी ‘मोटेल 6’ ही साखळी 1962 साली निघाली आणि घरगाड्यांच्या व तंबूंच्या तळांची ‘के.ओ.ए.’ ही मोठी साखळीही 1962 सालीच निघाली. म्हणजे आमच्या घरातला वाद अमेरिकेत साठ वर्षे चालू आहे!

आम्ही एका प्रकारच्याच खोल्या शोधल्या. कोपऱ्यात लहानसे स्वयंपाकघर, म्हणजे विजेची चूल, शीतकपाट आणि दोन भांडी असलेल्या. साध्या खोलीत स्वयंपाकाला मनाई असते. धुराची घंटा वाजली तर दंडही होतो. अशा दोन खोल्यांचे रात्रीला 300, सहा रात्रींचे 1800. पेट्रोल 238, ही गाडी गॅलनला चोवीस मैल जाते. किराणा आणि एकदा बाहेरचे जेवण धरून 430.

अमेरिकेतल्या मोटेलांचा फार मोठा वाटा गुजराती मंडळींच्या हाती आहे, हे मी ऐकून होतो. परतीच्या वाटेवर एका लहान गावात ते पाहायला मिळाले. खिडकीतल्या बाईंनी आईचे पातळ पाहिले आणि किल्ली देण्याआधी “बा, बेसो” म्हणून खुर्ची पुढे केली. त्या खोल्यांना चूल नव्हती. बाईंनी आपल्या घरचा कुकर लावू दिला आणि वर वाटीभर कढी पाठवली. आईला गुजराती येत नाही, त्यांना मराठी येत नाही. दोघी अर्धा तास गुडघ्यांविषयी बोलत होत्या. खोलीच्या भाड्यात मात्र एक सेंटही कमी झाला नाही. धंदा तो धंदा, आणि ते योग्यच आहे.

या प्रवासात आईचे हाल झाले, हेही वहीत आहे. युटाच्या वाळवंटात पन्नास-पन्नास मैल आडोसा नाही. ती पाणीच कमी प्यायला लागली, हे नीलाच्या लक्षात आले. तेव्हापासून आम्ही वाटेतल्या गावांप्रमाणे प्रवासाचे टप्पे पाडले आणि रोज तासभर उशिरा पोचू लागलो.

बेरीज झाली 2468. श्रीधरने कान टवकारले. “दादा, घरच्या गाडीची झीज कुठे धरलीस? टायर, तेल? भाड्याच्या गाडीत ते धरलेलं असतं.”

मुद्दा बिनतोड होता. अमेरिकेच्या आयकर खात्याने 2023 साली मोटारीचा कामकाजासाठीचा खर्च मैलाला साडेपासष्ट सेंट धरला होता. त्यात पेट्रोल, झीज, विमा असे सारे येते. पण विमा तर गाडी दारात उभी असली तरी भरावाच लागतो. बरीच घासाघीस होऊन निव्वळ झिजेपोटी मैलाला वीस सेंट धरले. आणखी 300 डॉलर वाढले. एकूण 2768, म्हणजे दिवसाला 461.

एकीकडे 483, दुसरीकडे 461. दोन्ही पक्ष माझ्या तोंडाकडे पाहू लागले. दिवसाला बावीस डॉलरचा फरक म्हणजे काही निकाल नव्हे.

तेवढ्यात नीलाने बाहेरच्या एका जेवणाची पावती पुढे केली. सात माणसांचे, बक्षिशीसकट, 168 डॉलर. “आपण रोज दोन्ही वेळा असं जेवलो असतो तर?” दुपारचे जेवण जरा स्वस्त धरले तरी दिवसाला 220. त्या हिशेबाने मोटेलचा प्रवास दिवसाला 610 डॉलरवर गेला.

आणि मग मला या साऱ्या वादाची मेख सापडली. घरगाडी स्वस्त म्हणणारे लोक एका बाजूला घरगाडीतला खिचडीभात ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला मोटेल अधिक उपाहारगृहातले जेवण. घरगाड्या बनवणाऱ्यांच्या संघटनेनेही पाहण्या करवून घेतल्या आहेत. त्यांतही मोठी बचत दाखवली आहे. ही बचत खोटी नाही. पण ती चाकांची नव्हे, चुलीची आहे. आणि चूल ही घरगाडीतच असते असे थोडेच आहे? विजेचा भाताचा कुकर, एक चाकू आणि मसाल्याचा डबा एवढे बरोबर घेतले, तर चुलीची बचत मोटेलच्या प्रवासातही हाती लागते. राष्ट्रीय उद्यानांत जागोजागी लाकडी मेज-बाकडी असतात; दुपारच्या दशम्या तिथे सोडाव्यात.

दुसरी गोष्ट डोक्यांची. आम्ही सात होतो, म्हणून मोटेलच्या दोन खोल्या लागल्या आणि तराजू जवळजवळ बरोबरीत राहिला. तेच चौघे असते तर? आमच्याच दरांनी मी हिशेब मांडला. दहा रात्रींना लहान घरगाडीचे सारे मिळून सव्वाचार हजारांच्या आसपास आणि मोटेलच्या एका खोलीत, चुलीसकट, सुमारे चोवीसशे. चौकोनी कुटुंबाने भाड्याची घरगाडी घ्यावी ती हौसेखातर. बचतीच्या नावाखाली घेऊ नये.

राहिला खरेदीचा प्रश्न. साठ हजारांची गाडी दर वर्षी पाच हजारांनी तरी उतरणार. विमा बाराशे. श्रीधरच्या वसाहतीत अशी गाडी दारात फार दिवस ठेवू देत नाहीत, म्हणून ती उभी करण्याच्या जागेचे भाडे बाराशे. दुरुस्ती-देखभाल दीड हजार. कर्जाचे व्याज धरलेच नाही, तरी वर्षाला 8900 डॉलर. श्रीधरला रजा मिळते वीस दिवसांची. म्हणजे गाडी जागची न हलता रात्रीला 445 डॉलर; पेट्रोल आणि तळभाडे त्यावर आणखी. भाड्याची गाडी याहून स्वस्त पडते.

मग ज्यांचा संसारच अशा गाडीत चालतो, त्या हजारो लोकांना हिशेब येत नाही काय? येतो. पण त्यांच्यातले बरेच निवृत्त असतात आणि वर्षातले चार-सहा महिने गाडीत काढतात. तोच 8900 चा आकडा एकशेवीस रात्रींनी भागा. रात्रीला 74 डॉलर होतात. ते रोज दोनशे मैल पळत नाहीत. एका जागी पंधरा-पंधरा दिवस बसतात, म्हणून पेट्रोलही कमी. ॲरिझोनात क्वार्टझाइट गावाजवळच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर त्यांची हिवाळ्यात मोठी वस्ती पडते. त्या जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहण्याचा परवाना 2023 साली 180 डॉलरला मिळत होता. सात महिन्यांचे एकशे ऐंशी! आणि काहीजण तर घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीत राहतात. त्यांच्यापुढे प्रवासाचा नव्हे, निवाऱ्याचा हिशेब असतो. त्याची तुलना आमच्या हौसेशी करणे बरे नव्हे.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी रात्री मी वही वाचून दाखवली. झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. नीला जिंकली होती, पण तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. श्रीधर पेन्सिलीने टेबलावर रेघा ओढीत होता. शेवटी म्हणाला, “दादा, हिशेब खरा आहे. पण आईला पाणी कमी प्यावं लागलं, ते मला सारखं आठवतं.”

तेव्हा आई म्हणाली, “श्रीधर, ते दहा दिवस मला फार आवडले. पण मी पुन्हा केव्हा येणार? एका माझ्या सोयीपायी वर्षभराची गाडी दारात बांधू नकोस. चिन्मयची फी आधी भर. मी आलेच परत, तर चार दिवसांची आण भाड्यानं.”

श्रीधरने दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला नकार कळवला. पुढच्या उन्हाळ्यात आईचे जाणे झाले नाही. गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. श्रीधर, नीला आणि मुले मोटेलने फिरून आली, बरोबर भाताचा कुकर घेऊन. फोटोंत मोआबचा लाल खडक होता आणि त्याच्यासमोर बाकावर पातेले.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज त्या देशात आहेत आणि उन्हाळ्यात आईवडिलांना असेच फिरायला नेतात. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण केले आहे, तेव्हा हा प्रश्न इकडेही येणार. त्यांच्यासाठी वहीचे सार एवढेच. आधी डोकी मोजा, मग मैल, मग रात्री. सहा-सात माणसे असतील, मैल थोडे असतील आणि एका जागी तीन-चार दिवस राहायचे असेल, तर घरगाडी परवडू शकेल. दोघे-चौघे असतील आणि पल्ला लांबचा असेल, तर मोटेल बरे. चूल मात्र दोन्हीकडे बरोबर हवी. आणि बरोबर म्हातारे माणूस असेल, तर घरगाडीसाठी जे थोडे जास्त पडेल ते बचतीच्या खात्यात शोधू नका. ते खुशाल खर्चाच्या खात्यात, त्या माणसाच्या नावे लिहा.

मी तसे केले आहे. वहीच्या शेवटच्या पानावर बावीस डॉलर रोज, दहा दिवसांचे दोनशे वीस, अशी नोंद आहे. पुढे लिहिले आहे : ‘आईचे पाणी.’